मळ आणि मूळ
‘डॉ. नो’पासूनचे (१९६२) बाँडपट २००८ मध्ये ब्लू-रे तबकड्यांवर येऊ लागले, तेव्हा संहितेच्या प्रामाण्याचा जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला. मूळ निगेटिव्हवरून सिद्ध केलेले हे रूप १९६२ च्या प्रेक्षकाने पाहिलेच नव्हते. चित्रपटगृहात त्याच्यासमोर होती ती प्रतीची प्रत. मग ‘मूळ’ कशाला म्हणावे? धूळ, ओरखडे नंतर चिकटले. ते पुसणे हे संपादकाचे कर्तव्यच. फिल्मचा कणीदार पोत मात्र कृतीचे द्रव्य आहे. तसेच, चिनी-जर्मन खलनायक साकारणाऱ्या जोसेफ वाइझमन या गौरवर्णीय नटाची रंगभूषा या स्पष्टतेत उघडी पडते. ती सौम्य करणे म्हणजे त्या काळाचा वांशिक पूर्वग्रह झाकणे होय. पुनःस्थापकाने कृतीवरचा मळ काढावा. कृतीतला दोष वाचकाच्या विवेकावर सोडावा.