अपुरी शिदोरी

मनुष्याच्या आयुष्यात काही प्रश्न असे उभे राहतात की, त्यांचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, आणि तरीही ते आठ दिवसांच्या आत द्यावे लागते. नोकरीतील बढतीचा प्रश्न वरवर पाहता अगदी व्यवहारी वाटतो. पगार किती वाढणार, घर सोडून कोठे जावे लागणार, एवढ्याचीच घरात चर्चा होते. पण त्या प्रश्नाच्या तळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला असतो, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या होतकरू तरुणाची कल्पना करावी. बियाणे, ठिबक सिंचनाचे साहित्य, सौरपंप, यांपैकी काहीतरी विकणाऱ्या कंपनीत तो पाच-सहा वर्षे फिरतीवर आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा हे तालुके त्याने मोटारसायकलवरून पालथे घातले आहेत. दुकानदार त्याला नावाने ओळखतात, शेतकरी बांधावर बसवून चहा पाजतात. एके दिवशी वरिष्ठ त्याला सांगतात, “उद्यापासून सबंध विभागाची विक्री तुम्ही सांभाळा.” हाताखाली पंधरा-वीस माणसे येणार. त्याने आजवर स्वतः माल विकला आहे, पण दुसऱ्यांकडून कधी विकून घेतलेला नाही. वर्षाचा अंदाज बांधलेला नाही, कोणाच्या चुकीचा जाब घेतलेला नाही, कोणाची भाकरी आपल्या एका सहीवर अवलंबून असल्याचा भार वाहिलेला नाही. घरी आई म्हणते, “लक्ष्मी दारात आली आहे, तोंड धुवायला जाऊ नकोस.” वडील म्हणतात, “बाबा, अंथरूण पाहून पाय पसरावेत.” मित्र म्हणतात, “पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नसते.”

तिघांचेही म्हणणे खोटे नाही. परंतु या सर्व उपदेशांत एक समान उणीव आहे. ते सारे केवळ त्या एका तरुणाकडे पाहून केलेले आहेत. पोहायला शिकणारा गटांगळ्या खातो तेव्हा पाणी त्याच्याच नाकातोंडात जाते. नाव वल्हवायला शिकणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या नावेत इतर माणसे बसलेली असतात. पुढारपण म्हणजे पोहणे नव्हे, ते नाव चालवणे आहे.

प्राचीन ग्रीक तत्त्वचिंतक अ‍ॅरिस्टॉटल याने या विषयाचा बारकाईने विचार केला होता. जो आपल्या योग्यतेपेक्षा अधिक मोठ्या गोष्टींवर हक्क सांगतो, तो त्याच्या मते पोकळ अभिमानी. आणि जो योग्यता असूनही मागे सरतो, तो क्षुद्रमनस्क. दोन्ही दोषच, पण मागे सरणे अधिक आढळते आणि ते अधिक वाईट, असे त्याचे मत होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हाच धागा पुढे नेला. भीतीपोटी धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला देऊन त्यांनी क्षुद्रमनस्कतेला स्पष्ट शब्दांत पाप म्हटले. आपल्याकडे नम्रतेचे एवढे कौतुक होते की, भीतीनेही नम्रतेचा अंगरखा घातला तर ती सहज खपून जाते. “मी कसला मोठा, मला जमायचे नाही,” असे म्हणणारा प्रत्येक माणूस विनयशील असतोच असे नाही. कित्येकदा त्याला अपयशाची लाज वाटत असते, इतकेच.

हे खरे असले तरी अडचण संपत नाही. योग्यता आहे की नाही, हे काम करण्यापूर्वी कळावे कसे? अ‍ॅरिस्टॉटलनेच सांगून ठेवले आहे की, घरे बांधूनच मनुष्य गवंडी होतो आणि वाद्य वाजवूनच वादक होतो. म्हणजे पूर्ण अनुभव आधी आणि काम मागाहून, असा क्रम या जगात नाहीच. परंतु येथे एक प्रश्न विचारावासा वाटतो. शिकाऊ गवंड्याने बांधलेल्या पहिल्या घरात राहायला कोण जाते?

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याने केवळ तात्त्विक म्हणून अनुभवलेला नाही. आपल्या अनेक वाचकांना हा जिल्हा आठवतो तो जानेवारी २०२० मध्ये तेथे भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनामुळे, कारण फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव हे नाव अधिकृत झाले ते २०२३ मध्ये. परंतु त्या भूमीची अधिक खोल आठवण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेची आहे. गणेश विसर्जनानंतरच्या गाढ झोपेत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. उमरगा परिसराला आणि आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या गावांना त्याचा भीषण तडाखा बसला. घर कसे बांधले आहे, यावर जीव राहणे वा जाणे अवलंबून असते, हे त्या दिवशी साऱ्यांना कळले.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त गावे नव्याने वसवली गेली. पण त्याखेरीज बाराशेहून अधिक गावांतील तडे गेलेली घरे घरमालकांनी स्वतःच, शासनाच्या अर्थसाहाय्याने, दुरुस्त व मजबूत करावयाची होती. या कामात लोकांचा सहभाग मिळवण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली आणि गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. ज्यांनी तोवर चावडीची पायरी चढली नव्हती, त्या बायका भिंतीच्या कोपऱ्यातील लोखंडी सळई, दारा-खिडक्यांवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, भिंतीतील आडवे बांधदगड यांविषयी गावाला समजावून सांगू लागल्या, आणि बांधकामावर नजर ठेवू लागल्या.

अनुभव कोणाला होता? कोणालाच नाही. मग त्यांनी हे काम पत्करले ते अविचाराने पत्करले काय? मला तसे वाटत नाही. एक तर, त्यांचे अडाणीपण कोणापासून लपलेले नव्हते. त्या शिकत आहेत, हे सर्व गावाला ठाऊक होते. दुसरे, त्यांच्या पाठीशी अभियंते होते, आणि जे कळत नाही ते विचारायला त्यांना मोकळीक होती. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मिळालेले ज्ञान त्यांनी स्वतःपाशी कोंडून ठेवायचे नव्हते, तर घरमालकाला द्यायचे होते. सळई कोठे असावी हे एकदा घरमालकिणीला कळले की, गवंडी चुकला तरी ती हटकू शकत होती, आणि संवाद सहायक चुकली तरीही हटकू शकत होती. शिकाऊ माणसाच्या चुकीचा फटका ज्याला बसू शकतो, त्याच्याच हाती ती चूक पकडण्याचे साधन दिलेले होते. अपुऱ्या अनुभवाचे पुढारपण न्याय्य ठरते ते येथे.

याच संस्थेच्या बचत गटांतून पुढे विक्री करणाऱ्या स्त्रियांची एक फळी उभी राहिली. तिची कथा आपल्या विषयाला अधिकच जवळची आहे. २००६ मध्ये ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीने बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने ‘ऊर्जा’ नावाची कमी धुराची चूल बाजारात आणली. शेतातला टाकाऊ माल दाबून केलेल्या लहान कांड्यांवर ती चालत असे. मराठवाड्यातील खेडोपाडी ती पोहोचवली गटांतल्या बायकांनी. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू मिळून पुढे चार लाखांहून अधिक चुली खपल्या. पण कच्चा माल महागला, कांड्यांचे दर चढले, पुरवठा अडखळला, आणि अनेक घरांत ती चूल कोपऱ्यात जाऊन बसली. कंपनीच्या हिशेबात हा एक फसलेला अंदाज होता. जिने ती चूल शेजारणीला विकली, तिला मात्र रोज त्याच आडावर पाणी भरायला जायचे होते. कांड्यांच्या दरावर तिची सत्ता नव्हती, पण जाब विचारला जात होता तिला. म्हणून पद स्वीकारताना केवळ “मला येते काय?” एवढेच पाहून भागत नाही. ज्या गोष्टी माझ्या हाती नाहीत, त्यांच्याविषयी मी कोणाला शब्द देतो आहे, हेही पाहावे लागते.

अशा ठेचा खाऊनही ती फळी मोडली नाही. याच जिल्ह्यातील हिंगळजवाडीच्या श्रीमती कमल कुंभार यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली. पुढे स्वच्छ ऊर्जेची साधने आणि कुक्कुटपालन अशी वाट त्यांनी काढली, इतर स्त्रियांनाही त्या वाटेवर आणले, आणि ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना २०२१चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. पूर्ण अनुभवाची वाट पाहत त्या थांबल्या असत्या, तर त्या अद्याप थांबलेल्याच असत्या.

आपली उणीव ओळखून ती भरून काढणाऱ्या पुढाऱ्याचे दुसरे उदाहरण गुजरातेतील आणंदचे. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तेथे आले तेव्हा ते शिक्षणाने यंत्र अभियंता होते. दुग्धव्यवसायात त्यांचे मनही नव्हते. पुढे शेतकऱ्यांच्या संघाचा कारभार त्यांनी पत्करला, पण दुधाच्या शास्त्रात आपण उणे आहोत हे ओळखून एच. एम. दलाया या जाणकार मित्राला त्यांनी आपल्यासोबत ठेवले. म्हशीच्या दुधाची भुकटी करण्याचे श्रेय दलायांच्या विद्येला जाते. आणि हिशेब द्यायचा होता तो त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांना, ज्यांचे दूध होते त्यांनाच. उणीव पोटात दडपून ठेवली की ती विष बनते. मान्य केली की तिच्या जागी दुसऱ्याच्या गुणाला बसता येते.

आता पुन्हा आपल्या तरुणाकडे वळू. विक्रीच्या पुढारपणात एक विशेष जोखीम आहे. स्वतः विकणारा माणूस आपल्या जिभेला लगाम घालू शकतो. जे बियाणे त्याला संशयास्पद वाटते, ते तो ओळखीच्या शेतकऱ्याला देत नाही. विभागप्रमुखाला ही मुभा उरत नाही. तो आकडा ठरवतो, आणि तो आकडा गाठण्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी जीभ सैल सुटते. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या हंगामात काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाण्याची प्रत खालावली होती, हे त्यामागचे एक कारण होते. अशा वर्षी “माल थांबवा” असे म्हणण्यास किती वर्षांचा अनुभव लागतो? त्याला अनुभवाहून अधिक लागते ते धैर्य, आणि कोणाचे नुकसान होणार आहे याची जाण. बांधावर चहा घेतलेल्या तरुणाकडे ही जाण कदाचित वीस वर्षे कार्यालयात काढलेल्या माणसाहून अधिक ताजी असेल. अनुभव माणसाला शहाणे करतो, तसा निबरही करतो, हे विसरू नये.

म्हणून त्याने होकार देण्यापूर्वी स्वतःला आणि कंपनीला काही प्रश्न विचारावेत. मला काय येत नाही, हे मी मुलाखतीत स्पष्ट सांगितले आहे काय? ते जाणणारा माणूस माझ्या शेजारी असेल काय? हाताखालच्या मंडळींना मला “साहेब, हे चुकते आहे” असे म्हणता येईल काय? माझ्या शिकण्याच्या काळात नुकसान झाले तर ते कंपनी सोसेल, की महिनाअखेर एखाद्या गरीब विक्रेत्याच्या पगारातून किंवा शेतकऱ्याच्या पेरणीतून वसूल होईल?

आणखी एक प्रश्न आहे, जरा कडू. मलाच का निवडले? कधीकधी नवख्या माणसाची निवड त्याच्या गुणांसाठी होत नाही. ज्या गोष्टीला अनुभवी माणूस नकार देईल, तिला हा बिचारा मान हलवील, या हिशेबानेही ती होते. तसे असेल तर ती बढती नसून आडोसा आहे, आणि तेथे नकार देण्यात कोणतीही क्षुद्रमनस्कता नाही.

परंतु या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मात्र त्याने भीतीला नम्रता म्हणू नये. शिदोरी अपुरी आहे म्हणून वाट सोडणारा आणि अपुरी शिदोरी भरलेली आहे असे सांगून दहाजणांना सोबत नेणारा, दोघेही चुकतात. तिसरा एक मार्ग आहे. गाठोडे सर्वांसमोर उघडावे, काय आहे आणि काय नाही ते दाखवावे, आणि मग विचारावे, “इतक्यावर निघू या काय?” सोबतच्यांनी होकार दिला, तर निघावे. वाटेत कोणाची भाकर कमी पडली, तर पुढाऱ्याने ती आपल्या वाट्यातून द्यावी. एवढी तयारी ज्याच्या मनाची झाली आहे, त्याने पद घ्यावे. उरलेले शिक्षण त्याला त्या वाटेवरची माणसेच देतील.