खोलीत कोंडून घेऊ नकोस

सोलापूर

चि. छकुलीस,


काल दादाचा फोन आला होता. म्हणाला, "पोरीला सांग, कॉलेज ते हॉस्टेल आणि हॉस्टेल ते कॉलेज. मध्ये कुठं बघायचं नाही." बापाचा जीव आहे, त्याला असं वाटणारच. पण मला ते पटलं नाही आणि मी त्याला तसं सांगितलंही. ज्या मुलीला वर्गात, मेसमध्ये, वाचनालयात कुणी ओळखत नाही, ती चार दिवस दिसली नाही तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. त्रास देणारे नेमकी अशीच एकटी पडलेली मुलगी हेरतात. म्हणून माझं सांगणं दादाच्या उलट आहे. पहिल्या महिन्यातच माणसं जोड. मात्र ती कुठं जोडायची, ते बघून जोड.

माझं मत विचारशील तर आधी राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं १९६९ साली ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा हिशेब असतो. मी कार्यक्रम अधिकारी म्हणून मुलामुलींना घेऊन अशा शिबिरांना गेले आहे, म्हणून खात्रीनं लिहिते. दत्तक गावातल्या शाळेच्या खोल्यांत सतरंज्या टाकून झोपायचं, पहाटे उठून श्रमदानाला जायचं. टिकाव कोण उचलतो आणि टिकाव हातात धरून फोटो निघाला की सावली कोण गाठतो, हे पहिल्या दिवशीच दिसतं. रात्री भांडी घासायच्या वेळी कोण गायब होतं, भाकरी कमी पडली तर आपल्या ताटातली अर्धी कोण मोडून देतं, हेही दिसतं. कॅन्टीनमध्ये वर्षभर गप्पा मारून माणूस एवढा कळत नाही. शिवाय सोबत शिक्षक असतात, मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि घरच्यांचं संमतिपत्र घेतलेलं असतं.

दुसरी जागा युवा महोत्सवाची. आपलं सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं असल्यामुळे महोत्सवात बार्शी, करमाळा, अक्कलकोट, पंढरपूरची पोरं भेटतात आणि पुढं एसटीनं एकमेकांच्या घरी जाण्याइतकी ओळख टिकते. लोकनृत्य, पथनाट्य, मूकनाट्य, वादविवाद, काहीतरी धर. स्टेजवर जायला लाज वाटली तर नेपथ्याला, वेशभूषेला हात लाव. त्या कामात मैत्री जास्त घट्ट होते, असं माझं निरीक्षण आहे.

तालमी मात्र रात्रीपर्यंत लांबतात. तालमीला कुठले सर किंवा मॅडम थांबणार आहेत आणि परत कसं यायचं, हे निघण्याआधी ठरव. विद्यापीठ तिकडे केगावला, पुणे रस्त्यावर, गावाबाहेर आहे. अंधार पडल्यावर हायवेला उभं राहून रिक्षा शोधत बसू नकोस. दोघी-तिघींनी मिळून या, रिक्षाचा नंबर खोलीतल्या मुलीला पाठवा. भाडं जास्त पडलं तर माझ्याकडे माग.

आता रॅगिंगबद्दल. प्रवेश घेताना तू आणि दादानं हमीपत्र भरलंत, तो नुसता सही करायचा कागद समजू नकोस. २००९ मध्ये हिमाचलमधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियर्सच्या मारहाणीत गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं कडक नियम केले. आपल्या महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. कॉलेजच्या आवारात घडलं काय किंवा बाहेर घडलं काय, कायदा दोन्हीकडे लागतो. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. आयोगाच्या नियमांत लिहिलेले शब्दही धरलेले आहेत, म्हणजे वॉट्सॲपवरचा मेसेजसुद्धा. तो पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालू असतो, तो आणि आपत्कालीन ११२ आजच फोनमध्ये घाल.

कुणी 'काय बे' म्हणून हाक मारली तर दचकू नकोस, सोलापूरची ती रीतच आहे. एखादा सीनियर नाव-गाव विचारेल, गाणं म्हण म्हणेल. पण तू नाही म्हटल्यावर तो थांबतो का, ते बघ. नाही ऐकून थांबणाऱ्याशी खुशाल मैत्री कर. न थांबणाऱ्याला दुसरी संधी द्यायची गरज नाही, मग तो नोट्स देणारा असो की ग्रुपचा म्होरक्या. फ्रेशर्स पार्टीत, सहलीत, तलावावर फिरायला गेल्यावरही हेच बघ. अंगचटीला येणं, घाणेरडं बोलणं झालं तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार दे. तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते, म्हणून 'परीक्षा होऊ दे' म्हणत बसू नकोस. आणि आपल्या घरच्यांना काय वाटेल याचा विचार अजिबात करू नकोस. दादाला मी बघते.

एक गोष्ट मला फार खुपते, ती सांगते. कॉलेजात आल्या आल्या पोरं आडनाव विचारून गट पाडतात. तू आपल्या मंगळवेढ्याच्या मुलींचंच कोंडाळं करून बसू नकोस. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एका गल्लीत ऐकू येतात. स्वातंत्र्यलढ्यात १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे चौघे बघ: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांची जात एक नाही, धर्म एक नाही. तुझ्या खोलीत तेलुगू बोलणारी मुलगी आली असेल तर तिच्या घरी सणाला जा, तिला आपल्याकडे हुरड्याला ने.

रविवारी जेवायला ये. शेंगाचटणी केली आहे, कडक भाकरीही आहेत. खोलीतल्या दोघींनाही घेऊन ये आणि येताना त्यांच्या घरच्यांचे फोन नंबर लिहून आण, तुझ्या आईचा आणि माझा त्यांना दे.

तुझी,
आत्या