तिसरी पट्टी

नाशिकच्या गोळे कॉलनीत औषधांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. त्यातल्याच एका दुकानात फार्मासिस्ट ताईंनी बारकोड वाचणारं यंत्र आणलं. डॉक्टरांची चिठ्ठी आधी संगणकात भरायची, मग प्रत्येक पट्टी यंत्राखाली धरायची. जुळली तर बीप, नाही जुळली तर पडदा लाल. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर असा कोड छापणं सक्तीचं झालंय. बाकीच्या औषधांवर ताईंनी दुकानाची लेबलं लावून घेतली.

काउंटरवरचा पोरगा चलाख. संध्याकाळी गर्दी झाली की तो एकच पट्टी हातात धरून तीनदा फिरवायचा. बीप, बीप, बीप. तीन पट्ट्यांचं बिल तयार! कोडमध्ये औषधाचं नाव, बॅच, मुदत असते, आणि एका बॅचच्या सगळ्या पट्ट्यांवर कोड एकच. त्यामुळे एक पट्टी तीनदा आली की तीन पट्ट्या एकेकदा आल्या, हे यंत्राला कळायला मार्गच नव्हता. ताई आत शेड्यूल एच-वनच्या औषधांची नोंदवही लिहीत बसत. बीप कानावर पडले की त्यांना बरं वाटे.

एकदा दिंडोरीकडच्या एक आजी साखरेच्या गोळ्या न्यायला आल्या. ग्लिमेपिराइड, एक मिलिग्रॅम, तीन पट्ट्या. बीप तीन, बिल चोख. आजींना अक्षरओळख नव्हती, पण त्या घरून रिकामी पट्टी आणत आणि नव्या पट्ट्या तिच्याशेजारी मांडून बघत. घाई त्यांना कशाचीच नसावी.

"बाई, माझ्या गोळीवर उभी काठी असती. या तिसरीवर वाकडं काय हाये?"

ताई उठून आल्या. ती पट्टी यंत्राखाली धरली. पडदा लाल! कुणीतरी परत केलेली दोन मिलिग्रॅमची पट्टी एकच्या खणात जाऊन पडली होती. रोज दुप्पट औषध पोटात गेलं असतं. या वयात, त्यात जेवण कमी झालं तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, कधी शुद्धही हरपते.

"पण ताई, बिल तर बरोबर निघालं," पोरगा म्हणाला.

"बिल बरोबरच आहे. औषध चुकलं."

रागावल्या म्हणाल तर एवढंच. पोराची युक्ती त्यांना बीपवरून कधीच कळली नसती, हे त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर दोन ट्रे आले. न तपासलेली पट्टी डावीकडच्या ट्रेमध्ये, तपासलेली लगेच उजवीकडे. परत आलेल्या मालाला वेगळा खण. आणि पिशवीत घालण्याआधी ताई प्रत्येक पट्टीवरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवून मोठ्यानं वाचतात.

याला वेळ लागतो. संध्याकाळी रांग रस्त्यापर्यंत येते, दोन-चार गिऱ्हाइकं कुरकुरत शेजारच्या दुकानात जातात. ताई त्यांना थांबवत नाहीत.