उन्हाचं माप

रामकुंडावर पहाटे स्नान करणारा भाविक ओंजळीतलं गोदेचं पाणी सूर्याला अर्घ्य म्हणून वाहतो. त्याच नाशिकमध्ये गच्चीगच्चीवर सौर हीटरच्या काचेच्या नळ्या आणि गोल टाक्या दिसतात. तेच ऊन तिथे न्हाणीघराच्या नळाला येतं, आणि त्यासाठी पैसे मोजलेले असतात. जे सर्वांचं आहे, त्याचा व्यापार धर्माला मान्य होईल का?

विक्रेता ऊन विकत नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. तो काच, तांबं, पोलाद आणि कारागिरी विकतो. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. त्याला पंपही लागत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने १८९१ मध्ये उन्हावर पाणी तापवणारा हीटर पेटंट करून विकायला आणला. कष्टाचा आणि अकलेचा मोबदला घेण्यात अधर्म नाही.

मग अधर्म शिरतो कुठून? उत्तर जवळच्याच एका परंपरेत आहे. नाशिकजवळच्या म्हसरूळला गजपंथ हे जैनांचं सिद्धक्षेत्र आहे. जैन गृहस्थाच्या पाच अणुव्रतांपैकी एक अचौर्य. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त या व्रताच्या दोषांमध्ये खोटं वजनमाप आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणं हेही मोजलं आहे. म्हणजे दुकानात बसूनही चोरी घडते.

सौर हीटरच्या धंद्याला ही कसोटी नेमकी लागू पडते. यंत्र लिटरमध्ये विकलं जातं. टाकी दोनशे लिटरची, पण नळ्या किंवा पॅनेल त्या मानाने अपुरं, असा सौदा खोट्या मापाचाच आहे. पावसाळ्यात आभाळ भरलं की विजेच्या कॉइलचा आधार घ्यावा लागतो. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतो. टाकीपासून न्हाणीघर लांब असेल, तर पाइपातलं थंड पाणी आधी वाया जातं. निफाडच्या गारठ्यात गरम पाण्याची ओढ साऱ्यांना असते. ‘आयुष्यभर फुकट’ हे आश्वासन नेमकं त्याच ओढीवर टपलेलं असतं. हॉटेल किंवा रुग्णालयाचा व्यवस्थापक निदान वीजबिल समोर ठेवून हिशेब विचारतो. घरगुती ग्राहक बहुधा विश्वासावर घेतो, म्हणून विक्रेत्यावर त्याचं देणं जास्त आहे.

दुसरा प्रश्न गच्चीचा. सोसायटीत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने सामाईक गच्चीवर स्वतःपुरती टाकी बसवली, की खालच्यांच्या वाट्याची जागा जाते. ऊन सर्वांना मिळालेलं आहे, जागा मात्र कोणी एकाला दिलेली नाही. न दिलेलं घेणं म्हणजेच चोरी, असं अचौर्याचं व्रत सांगतं.

वाटून घेण्याचा नमुना फार लांब नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसल्या. त्यांच्या वाफेवर शिजलेलं अन्न येईल त्या भाविकाच्या ताटात पडत आलं आहे.

नाशिकला २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. त्यासाठी भक्तनिवास, लॉज आणि हॉटेलं गरम पाण्याची सोय करतील, तेव्हा विक्रेत्यांनी कोटेशनवर टाकीच्या लिटरांशेजारी पॅनेलचं क्षेत्रफळ, पावसाळ्यातला विजेचा खर्च आणि क्षार काढण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहून द्यावं. आणि सोसायट्यांनी कोणाचीही टाकी वर चढण्याआधी गच्चीची वाटणी सर्वसाधारण सभेत ठरवून घ्यावी.