लोखंड, मीठ आणि रेती : धरतीच्या उदरातील अमानत

समस्त स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने धरती पसरली, तिच्यावर पर्वत रोवले आणि तिच्या उदरात मानवाच्या उपजीविकेची साधने ठेवली. दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर.

पवित्र कुरआनातील ५७ व्या सूरहचे नावच 'अल-हदीद' म्हणजे लोखंड असे आहे. तिच्या २५ व्या आयतीत लोखंडाचे प्रचंड सामर्थ्य आणि त्यापासून होणारे लाभ सांगितले आहेत. परंतु त्याआधी, त्याच आयतीत, ग्रंथ आणि तराजू यांचा उल्लेख येतो, जेणेकरून लोकांनी न्यायावर कायम राहावे. खनिज आणि न्यायाचा तराजू एकाच आयतीत यावेत, ही गोष्ट चिंतनीय आहे.

मानवाचा इतिहास या दोहोंचाच इतिहास होय. अल्लाहने हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि हजरत सुलैमान (अलै.) यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहता केला. या घराण्याला आज्ञा झाली ती कृतज्ञतेने कर्म करण्याची. जुलकरनैनने लोखंड व तांब्याची भिंत उभारून दुर्बलांचे रक्षण केले, मोबदला नाकारला आणि ती आपल्या पालनकर्त्याची कृपा मानली. याउलट समूद जमातीने पर्वत कोरून घरे केली आणि ती उन्मत्त झाली. घरे उरली, राहणारे उरले नाहीत.

आता आपल्या परिसराकडे पाहू या. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा आहे. याच पाषाणातून इ. स. १०६० मध्ये अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर घडले. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर वसले. पुढे अंबरनाथ, बदलापूर विस्तारले. डोंगर फोडून खडी आली, उल्हास नदीच्या पात्रातून व खाडीतून रेती आली. कल्याण आणि मुंब्रा येथील 'रेतीबंदर' ही नावेच त्या व्यवसायाची साक्ष देतात. खाडीच्या गढूळ पाण्यात बुडी मारून बादलीने रेती वर काढणाऱ्या गरीब मजुरांच्या श्वासावर आपल्या भिंती उभ्या आहेत.

परंतु हात आणि बादली यांची जागा सक्शन पंपाने घेतली, तेव्हा तराजू ढळला. रेती म्हणजे नदीचे अंथरूण. ती पाणी गाळते, मुरवते आणि काठ सांभाळते. ती बेसुमार उपसली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, पुलांचे पाये उघडे पडतात आणि आसपासच्या विहिरींचे पाणी खाली जाते. लाभ एकाचा, हानी साऱ्या गावाची!

यासंबंधी प्रेषितांचे (स.) मार्गदर्शन अत्यंत स्पष्ट आहे. अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत नोंद आहे की, यमनचे हजरत अबयज बिन हम्माल (रजि.) यांनी मारिब येथील मिठाची जागा मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती दिली. ते निघाले तेव्हा उपस्थितांपैकी एकाने निदर्शनास आणले की, ही जागा तर कधीही न आटणाऱ्या पाण्यासारखी आहे. तेव्हा प्रेषितांनी (स.) ती परत घेतली. मागणारे सहाबी होते, देणारे स्वतः अल्लाहचे प्रेषित होते. तरीही सर्वांच्या गरजेची वस्तू एकाच्या मालकीची होऊ दिली नाही. यावरूनच फुकहांनी नियम सांगितला की, जे खनिज उघड्यावर, विनासायास सर्वांना उपलब्ध आहे, त्यावर कोणा एकाचा ताबा असू शकत नाही.

मग रात्रीच्या अंधारात, परवान्याविना भरलेला ट्रक कोणाचा माल वाहतो? तो संपूर्ण समाजाचा माल आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार हा दंडनीय अपराध आहे. शरीअतच्या दृष्टीने ही अमानतीत खयानत आहे. वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचा जोखड पडेल, असा इशारा बुखारी व मुस्लिम यांच्या हदीसमध्ये आहे. नदीचे पात्र बळकावणाऱ्याने आपल्या मानेचा विचार करावा.

कोणी म्हणेल, "मी उपसत नाही, केवळ विकत घेतो." परंतु चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना तो घेणे हे त्या पापात सहकार्य आहे, आणि सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत अशा सहकार्याची स्पष्ट मनाई आहे. म्हणून घर बांधणाऱ्याने स्वामित्वधनाची पावती आणि वाहतुकीचा परवाना पाहावा. स्वस्त दरामागचे कारण विचारावे. दगड दळून केलेली कृत्रिम वाळू चालत असेल तेथे ती वापरावी; मात्र खाणीतील मजुराच्या छातीत धूळ जाणार नाही आणि त्याची मजुरी अडणार नाही, हेही मालकाने पाहावे. मशिदी व मदरशांच्या बांधकाम समित्यांवर तर ही जबाबदारी दुप्पट आहे. अल्लाह पवित्र आहे आणि तो केवळ पवित्र तेच स्वीकारतो. ज्या भिंतीत गावाचा हक्क चिणला गेला, तिच्या सावलीत सजदा करताना मन कसे निश्चिंत राहील?

अल्लाह आपणा सर्वांना हलाल उपजीविका देवो, धरतीची अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो आणि ज्या दिवशी कणभर कर्मही तोलले जाईल, त्या दिवशी आपले पारडे जड करो. आमीन.