परभाषी रकाना

भाषाविज्ञानाच्या पेपरची तयारी करणाऱ्या आमच्या पुतणीने परवा वही पुढे केली. वाक्यातला प्रत्येक शब्द फोडायचा, मूळ रूप आणि प्रत्यय वेगळे करायचे आणि शेवटच्या रकान्यात तत्सम, तद्भव, देशी की परभाषी ते लिहायचे. वाक्य होते, 'वकिलाने गरिबांच्या शरीरावरच्या जखमा मोजल्या.'

"चाचा, वकील, गरीब, जखम तिन्ही परभाषी. शरीर संस्कृत. मग यात मराठी काय उरलं?"

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिच्याच वहीत, दुसऱ्या रकान्यात, त्याचे थोडे उत्तर पडले होते. 'वकील'ला प्रत्यय लागताच 'वकिला-' झाले. दीर्घ ई ऱ्हस्व झाली. 'गरीब'चे 'गरिबां-' झाले. शरीर मात्र शरीरच राहिले. शासनाने 1962 साली मान्य केलेल्या लेखननियमांत तत्सम शब्दांना ही सूट आहे. म्हणजे घरचा म्हणवणारा सवलत घेऊन बसलेला, आणि बाहेरचा ठरवलेला मीठ-मिठाला, बहीण-बहिणीला यांच्या पंगतीत मांडी घालून जेवतो आहे!

बरे, 'पाणीदार'चे काय करायचे? पाणी इथले, 'दार' फारसी. 'भांडखोर'चेही तेच. आणि 'तो म्हणाला, की मी येतो' यातला 'की'? तोही फारसीतून आलेला. 'मी येतो असे तो म्हणाला' ही आपली ठेवण होतीच. तिच्या शेजारी ही दुसरी येऊन राहिली. इथे शब्दच नव्हे, वाक्य बांधायची रीतसुद्धा आली. तिला कोणता रकाना?

कुळ सांगणे गैर आहे, असे आम्ही म्हणणार नाही. माधव जूलियन यांनी 1925 साली फार्शी-मराठी कोश केला, तो प्रेमापोटीच्या कष्टाशिवाय होत नाही. पण कुळ हा शब्दाचा एक तपशील झाला. शेकडो वर्षे नांदल्यावरही निकालाचा रकाना त्याचाच का असावा?

इथे आम्हाला एक मोह होतो. 'गरीब'ला साक्षीला उभे करावे आणि म्हणावे, पाहा, हा नियम पाळतो, म्हणून हा मराठी. आम्ही स्वतःला आवरतो. नियम पाळल्याचा दाखला 'शरीर'कडे कुणी मागितला नव्हता. मग गरिबाकडूनच का मागायचा? आणि आम्ही तरी तो आपणहून काढून का दाखवायचा?

शिवाय आमच्या घरातला रकाना निराळा थोडाच आहे! पुतणी दखनीत "मैंच करूंगी" म्हणाली, की आमच्या अम्मी लगेच टोकतात, "जबान बिगड़ गई तेरी." तो 'च' मराठीचा. 'मीच', 'तूच' मधला. दखनीने तो कधीच आपल्या अंगाला लावून घेतला; आम्हीच त्याला अजून डाग समजतो. अम्मी स्वतः चिडल्या की "अब्बीच बोली ना मैं" म्हणतात, हे त्यांना सांगायची छाती कुणाची नाही.

पुतणीने वहीत तिन्ही ठिकाणी 'परभाषी' असेच लिहिले. मार्क जायला नकोत. मग शेवटच्या पानावर 'मैंच' लिहून त्याचे दोन तुकडे केले, पुढे रकाने आखले आणि वही दादीसमोर ठेवली. अम्मी चष्मा शोधू लागल्या.