झिजेचं बिल

आमच्या अकोल्यात (विदर्भातल्या नव्हे, प्रवरेकाठच्या) अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. बोकड होऊन पोटात शिरलेला वातापी राक्षस त्यांनी तिथल्या तिथे जिरवला, अशी कथा. त्यामुळे पचनशक्तीच्या बाबतीत इथला माणूस जरा फुशारकीनेच बोलतो. पण परवा सुताराच्या बिलातली एक ओळ मला काही केल्या पचेना : ‘बिट झिजल्याबद्दल रुपये 400’.

कपाट माझं, बोर्ड माझा, मजुरी ठरलेली. हत्यार झिजलं तर ते याचं! मी हटकलं.

“गुरुजी, हे बघा,” म्हणून त्याने राऊटरचं बिट माझ्या तळहातावर ठेवलं. धारेजवळचा सोनेरी मुलामा उडालेला. “टंगस्टन कार्बाइड. पोलादाला भारी. पण तुमच्या पार्टिकल बोर्डाने खाल्लं.”

“भुशाने?”

“नुसता भुसा कुठला? आत वाळून कडक झालेला गोंद, बारीक रेती. वातापीच तो! वरून बोकड, आत राक्षस.”

मग त्याने खरी गोम सांगितली. कार्बाइडचे कण सहसा दाद देत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा कोबाल्ट आधी झिजतो, आणि आधार सुटलेले कण गळून पडतात. वरचा टायटॅनियम नायट्राइडचा थर कठीण खरा, पण पातळ धारेवर ठिसूळ. टवका उडाला की संपलं. बाजारात कार्बाइडला विडिया म्हणतात, ते नाव ‘हिऱ्यासारखा’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून आलं. हिऱ्याची ही दशा!

तरी मी हट्ट सोडला नाही. “ज्याची झीज, त्याचा खर्च. न्याय म्हणतात याला.”

तो बिट पुसत शांतपणे म्हणाला, “मग गुरुजी, तुम्हांला पेन्शन कशाची मिळते?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

छत्तीस वर्षं पोरांपुढे घसा खरवडला. त्या झिजेचे पैसे दरमहा बँकेत जमा होतात, आणि त्यात मला कधी अन्याय दिसला नाही. सुताराची झीज मात्र मी त्याचं खासगी दुःख ठरवून मोकळा झालो होतो. ज्याच्यासाठी काम झालं, त्याने झिजेतलाही वाटा उचलावा. नाहीतर कपाट स्वस्त पडत नाही. उरलेली किंमत दुसरा कुणीतरी गुपचूप भरत असतो.

चारशे रुपये दिले. एक नैतिक प्रश्न सुटला, अशा थाटात आत गेलो.

सौभाग्यवती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, “त्याचं बरं आहे. त्याला बिल तरी करता येतं.”

मला एकदम कोबाल्ट आठवला. मुकाट्याने कपबश्या विसळायला घेतल्या.